दोष माणसाचा की व्यवस्थेचा? एडवर्ड्स डेमिंग यांचे जीवन आणि कार्य

(दृश्य : जळगावच्या औद्योगिक वसाहतीतील ठिबक साहित्याचा कारखाना. चाचणीची खोली.)

लांब टेबलावर 16 मिलिमीटरची नळी ताणून ठेवली आहे आणि तिच्या प्रत्येक ड्रीपरखाली एकेक मोजपात्र आहे. ड्रीपर ताशी 4 लिटरचा असेल, तर सहा मिनिटांत प्रत्येक पात्रात 400 मिलिलिटर पाणी जमायला हवे. प्रत्यक्षात, समजा, एका पात्रात 392 भरते, दुसऱ्यात 405, तिसऱ्यात 398. प्लास्टिकचा दाणा एकच, साचा एकच, पाण्याचा दाब एकच आणि मशीन चालवणारा माणूसही एकच, तरीही आकडे जुळत नाहीत. कारखान्यात हा फरक किरकोळ वाटतो. रावेर-यावलच्या केळीबागेत मात्र तो वाढला, की एका खोडाला पाणी कमी पडते, शेजारच्याला जास्त होते आणि बाग मागेपुढे निसवते, म्हणजे घड एकाच वेळी बाहेर पडत नाहीत.

हा फरक कोठून येतो, त्यातला किती चालवून घ्यायचा आणि त्याचा जाब कोणाला विचारायचा, या तीन प्रश्नांवर विल्यम एडवर्ड्स डेमिंग यांनी सहा दशकांहून अधिक काळ काम केले. त्यांचे शिक्षण भौतिकशास्त्राचे, नोकरी संख्याशास्त्राची. पण जगाने त्यांना ओळखले ते व्यवस्थापनाचे विचारवंत म्हणून. भवरलाल जैन यांनी 1980 च्या दशकात जळगावात ठिबकचा उद्योग उभा केला आणि त्यानंतर खान्देशातल्या शेतीचे पाणी प्लास्टिकच्या बारीक छिद्रांतून जाऊ लागले. म्हणून या भागातल्या उद्योजकाने, कामगाराने आणि शेतकऱ्यानेही डेमिंग यांचे काम समजून घेतले पाहिजे, असे आम्हाला मनापासून वाटते.

(दृश्य : माळरान, कालवा, नव्याने ओलिताखाली आलेली जमीन.)

डेमिंग यांचा जन्म 14 ऑक्टोबर 1900 रोजी अमेरिकेतील आयोवा राज्यात, सू सिटी येथे झाला. ते लहान असतानाच कुटुंब वायोमिंगमध्ये आले आणि पॉवेल या नव्या वसाहतीत त्यांनी सरकारी योजनेतून 40 एकर जमीन घेतली. पॉवेल हे गाव कालव्याच्या पाण्यावर वसवलेले होते, आजूबाजूला कोरडे पठार होते. गिरणा नदीच्या कालव्याखाली शेती करणाऱ्यांना अशा जमिनीचा भरवसा किती असतो हे सांगण्याची गरज नाही. घर म्हणजे डांबरी कागद ठोकलेले खोपट होते. शेतीने साथ दिली नाही, तेव्हा वडिलांनी इतर व्यवसाय धरले आणि आई संगीताच्या शिकवण्या करू लागली. शाळकरी एडवर्ड्स गावातल्या हॉटेलात सरपण आणि कोळसा वाहून नेई, संध्याकाळी रस्त्यावरचे दिवे लावी. पुढे आयुष्यभर त्यांना कागद, वेळ किंवा श्रम वाया गेलेले खपत नसत. त्याचे मूळ या दिवसांत असावे.

1921 मध्ये त्यांनी वायोमिंग विद्यापीठातून विद्युत अभियांत्रिकीची पदवी घेतली, पुढे कोलोरॅडोत गणित आणि भौतिकशास्त्राचे शिक्षण घेतले आणि 1928 मध्ये येल विद्यापीठातून डॉक्टरेट मिळवली. या पदव्यांइतकेच महत्त्व त्यांच्या दोन उन्हाळी नोकऱ्यांना आहे. 1925 आणि 1926 मध्ये ते शिकागोजवळ वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीच्या हॉथॉर्न कारखान्यात होते. तेथे हजारो कामगार टेलिफोनची उपकरणे बनवत आणि मजुरी नगावर मिळे. जास्त नग तर जास्त पैसे, आणि नग नापास झाला तर त्याची झळ कामगाराला, हा हिशेब त्यांनी तेथे जवळून पाहिला. या पद्धतीविषयीची त्यांची नापसंती पुढे वाढतच गेली.

(दृश्य : चौकटीच्या कागदावर पेन्सिलीने काढलेला नियंत्रण आलेख.)

बेल टेलिफोन प्रयोगशाळेतील वॉल्टर शूहार्ट यांच्याशी झालेल्या ओळखीने डेमिंग यांच्या आयुष्याची दिशा ठरली. शूहार्ट यांनी मे 1924 मध्ये आपल्या वरिष्ठांना एक छोटे टिपण दिले होते आणि त्यात जगातला पहिला नियंत्रण आलेख होता. त्यामागची कल्पना साधी आणि खोल आहे. कोणत्याही कामात फरक राहणारच. त्यातला बराचसा फरक त्या कामाच्या रचनेतच मुरलेला असतो : दाण्यातला ओलावा, साच्याची झीज, खोलीचे तापमान, विजेचा कमीजास्त दाब. अशी असंख्य बारीक कारणे रोज हजर असतात. त्यांना सामान्य कारणे म्हणतात. उरलेला फरक एखाद्या वेगळ्या घटनेमुळे पडतो : हीटर बंद पडला, दुसऱ्याच प्रतीचा दाणा आला, नवा माणूस न शिकवता मशीनवर उभा केला. ही विशेष कारणे. आलेखावर मधोमध सरासरीची रेघ असते आणि वर-खाली दोन मर्यादा असतात. ठिपके मर्यादेच्या आत, काही ठरावीक क्रम न दाखवता पडत असतील, तर विशेष कारण शोधत बसण्यात अर्थ नसतो. ठिपका बाहेर गेला, तर त्याच दिवशी, त्याच पाळीत शोध घ्यायचा.

ही विभागणी समजली नाही तर काय होते, हे डेमिंग नरसाळे आणि गोटी घेऊन दाखवत. टेबलावर एक खूण करायची, तिच्यावर नरसाळे धरायचे आणि गोटी सोडायची. गोटी नेमकी खुणेवर थांबत नाही, आजूबाजूला जाते. आता गोटी जितकी डावीकडे गेली तितके नरसाळे उजवीकडे सरकवायचे आणि पुन्हा सोडायची. बघणाऱ्याला ही दुरुस्ती वाटते. प्रत्यक्षात गोट्यांचा फैलाव, नरसाळे मुळीच न हलवता जेवढा राहिला असता त्यापेक्षा सुमारे 41 टक्क्यांनी वाढतो. प्रत्येक नगाचे वजन पाहून मशीनची चकती फिरवणारा ऑपरेटर नेमके हेच करत असतो. तो आळशी नसतो, उलट फार तत्पर असतो, आणि त्याच्या तत्परतेमुळेच माल बिघडतो. अशा ऑपरेटरला शाबासकी देणारे सुपरवायझर आपल्याकडे कमी नाहीत.

शूहार्ट यांची विद्या डेमिंग यांनी कारखान्याबाहेरही नेली. आधी ते अमेरिकेच्या कृषी खात्यात होते आणि 1939 पासून जनगणना कार्यालयात. 1940 च्या जनगणनेत नमुना पाहणीची, म्हणजे सगळ्यांऐवजी निवडक लोकांची माहिती घेऊन अंदाज बांधण्याची पद्धत बसवण्यात त्यांचा मोठा वाटा होता. संयुक्त राष्ट्रांच्या नमुना पाहणीविषयक उपआयोगावर ते भारतीय संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्याबरोबर सदस्य होते. थोडी वाट सोडून सांगायचे, तर आपल्या शिवारात होणारे पीक कापणी प्रयोग याच विद्येच्या घराण्यातले. महालनोबिस आणि सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे संख्याशास्त्रज्ञ पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांनी ही पद्धत भारतात रुजवली, आणि कापणीचा तुकडा केवढा असावा यावर त्या दोघांत मोठा वादही झाला. पीकविम्याची भरपाई आजही अशा निवडक तुकड्यांच्या कापणीवर ठरते.

(दृश्य : युद्धानंतरच्या जपानची छायाचित्रे.)

दुसऱ्या महायुद्धात डेमिंग यांनी अमेरिकी कारखान्यांतील अभियंत्यांना आलेखाची पद्धत शिकवली. युद्ध संपताच मालाची मागणी इतकी वाढली, की कसाही बनवलेला माल खपू लागला आणि ते आलेख भिंतीवरून उतरले. अभियंते शिकले होते, पण त्यांचे वरिष्ठ शिकले नव्हते. हे कारण डेमिंग पुढे वारंवार सांगत. जपानमध्ये त्यांनी ती चूक होऊ दिली नाही.

1947 मध्ये ते जनगणनेच्या तयारीसाठी जपानला गेले होते. 1950 मध्ये तेथील शास्त्रज्ञ आणि अभियंत्यांच्या संघटनेने, म्हणजे जूसेने, त्यांना गुणवत्ता नियंत्रण शिकवण्यासाठी बोलावले. अभियंत्यांसाठी आठ दिवसांचा वर्ग झाला. डेमिंग यांनी मात्र कंपन्यांच्या प्रमुखांशी बोलण्याचा आग्रह धरला आणि उद्योगपती इचिरो इशिकावा यांच्या पुढाकाराने ती मंडळी त्या उन्हाळ्यात एकत्र आली. जपानी माल तेव्हा जगभर स्वस्त आणि तकलादू समजला जाई. कारखाने जळालेले, कच्चा माल परदेशातून आणावा लागणारा. अशा श्रोत्यांसमोर डेमिंग यांनी फळ्यावर एक आकृती काढली. तिच्या एका टोकाला कच्चा माल पुरवणारे होते, दुसऱ्या टोकाला ग्राहक होता आणि ग्राहकाकडून निघालेली रेघ पुन्हा आराखड्याकडे वळत होती. कारखाना ही एक सलग व्यवस्था आहे, पुरवठादार तिच्या बाहेरचा नाही, आणि सुरुवातीलाच गुणवत्ता सांभाळली की खराब मालाचा, पुन्हा करायच्या कामाचा खर्च घटून माल स्वस्त पडतो, हा त्यांच्या मांडणीचा गाभा होता. पाच वर्षांत जपानी माल जगाच्या बाजारात आपली जागा घेईल, असे त्यांनी श्रोत्यांना सांगितले होते.

त्या व्याख्यानांची पुस्तिका निघाली, तिचे मानधन डेमिंग यांनी संघटनेलाच दिले आणि त्या पैशांतून 1951 मध्ये गुणवत्तेच्या कामासाठी डेमिंग पारितोषिक सुरू झाले. 1960 मध्ये जपानच्या सम्राटांच्या वतीने त्यांचा शासकीय सन्मान झाला. जपानच्या यशाचे सगळे श्रेय त्यांना देणे बरोबर नाही, हेही येथे सांगितले पाहिजे. 1954 मध्ये तेथे गेलेले अमेरिकी गुणवत्तातज्ज्ञ जोसेफ ज्युरान, गुणवत्ता मंडळांची, म्हणजे कामातल्या अडचणी मिळून सोडवणाऱ्या कामगारांच्या छोट्या गटांची कल्पना वाढवणारे काओरू इशिकावा आणि कारखान्यांतले असंख्य फोरमन यांनी ही पद्धत रोजच्या कामात उतरवली. डेमिंग यांनी पहिली ठिणगी योग्य लोकांसमोर पाडली.

मायदेशी मात्र ते जवळजवळ अपरिचित राहिले. न्यूयॉर्क विद्यापीठात शिकवत, वॉशिंग्टनच्या घराच्या तळघरातून सल्लागाराचे काम करत त्यांनी तीस वर्षे काढली. 24 जून 1980 रोजी एनबीसी वाहिनीवर जपानच्या प्रगतीविषयीचा एक माहितीपट दाखवला गेला, त्यात डेमिंग दिसले आणि त्यांचा फोन अखंड वाजू लागला. त्यांचे वय तेव्हा 79 होते. 1981 मध्ये फोर्डने त्यांना बोलावले. गुणवत्तेविषयी काही युक्त्या मिळतील या अपेक्षेने बसलेल्या अधिकाऱ्यांना त्यांनी व्यवस्थापन कसे चालते याविषयी प्रश्न विचारले. 1986 मध्ये फोर्डचा नफा 1920 च्या दशकानंतर प्रथमच जनरल मोटर्सच्या पुढे गेला.

(दृश्य : पांढऱ्या आणि लाल मण्यांनी भरलेली पेटी.)

या उत्तरायुष्यात ते चार दिवसांची शिबिरे घेत आणि त्यात मण्यांचा एक प्रयोग असे. पेटीत 4000 मणी, त्यांपैकी 800 लाल. 50 खळगे असलेली फळी पेटीत बुडवून वर काढायची. श्रोत्यांतून सहा जण कामगार म्हणून पुढे येत आणि स्वतः डेमिंग फोरमन होत. ग्राहकाला पांढरे मणी हवेत, लाल मणी म्हणजे खोट. एकाच्या फळीवर 6 लाल येत, त्याचे कौतुक होई. दुसऱ्याच्या फळीवर 14 येत, त्याला सगळ्यांसमोर समज मिळे. दुसऱ्या दिवशी कौतुक झालेल्याकडेच 12 येत आणि फोरमन म्हणे, बढाईने डोके फिरले. भिंतीवर घोषणा लागत, बक्षिसे जाहीर होत आणि शेवटी तिघांना कामावरून काढले जाई. मग आलेख निघे. सरासरी 10 च्या आसपास, मर्यादा साधारण 2 ते 18. सगळे आकडे आत. सहाही कामगार सारखेच होते; लाल मणी पेटीतच होते आणि पेटी व्यवस्थापनाने आणली होती. श्रोते आधी हसत. हसणे थांबे तेव्हा अनेकांना आपला कारखाना आठवलेला असे.

केळीच्या पॅकहाऊसमध्ये हा प्रयोग रोज होतो. फणीवर काळा डाग दिसला, की हौदावर फण्या धुणाऱ्या बाईला ऐकावे लागते, "ताई, लक्ष कुठे आहे?" घड बागेतून आणताना ट्रॉलीत एकावर एक रचले, मध्ये फोम किंवा पाला घातला नाही, कच्च्या रस्त्यावर हादरे बसले, म्हणून घासलेली साल दोन दिवसांनी काळी पडते. तिच्या हातात फणी येते तेव्हा नुकसान होऊन गेलेले असते. चटई, डाळ, जिनिंग, प्लास्टिक, कोणताही धंदा घ्या. खराब मालामागे मजुरी कापण्याची रीत जेथे जेथे आहे, तेथे पेटीतले लाल मणी कोणी मोजलेले नसतात. डेमिंग यांच्या अनुभवानुसार 94 टक्के अडचणी व्यवस्थेतल्या असतात आणि फक्त 6 टक्के विशेष कारणांच्या. हा आकडा प्रत्येक कारखान्याला जसाच्या तसा लागू होईल असे नाही, पण त्याची दिशा बरोबर आहे, यात आम्हाला शंका वाटत नाही.

व्यवस्थापनाविषयीच्या त्यांच्या प्रसिद्ध 14 सूत्रांतली भीती घालवा, घोषणाबाजी बंद करा, फक्त भाव पाहून माल विकत घेऊ नका ही सूत्रे मालकांना ऐकायला आवडतात. कर्मचाऱ्यांच्या वार्षिक गुणांकनाला त्यांनी केलेला विरोध मात्र आजही पचत नाही, आणि कामचुकार माणसाचे काय करायचे हा प्रश्न लगेच पुढे येतो. असा माणूस असतो, हे डेमिंग नाकारत नव्हते. तो आलेखावर मर्यादेबाहेर दिसेल आणि तेव्हा त्याच्याकडे पाहा, एवढेच त्यांचे म्हणणे होते.

20 डिसेंबर 1993 रोजी, वयाच्या 93 व्या वर्षी डेमिंग यांचे वॉशिंग्टन येथे निधन झाले. पाच वर्षांनी सुंदरम क्लेटनच्या ब्रेक विभागाला डेमिंग पारितोषिक मिळाले आणि 2003 मध्ये ते महिंद्राच्या ट्रॅक्टर विभागाकडे आले.

(दृश्य : छोट्या मोल्डिंग युनिटमध्ये नमुने मोजणारे हात.)

छोट्या युनिटला पारितोषिकाची तयारी परवडणार नाही, आलेख मात्र परवडतो. चौकटीचा कागद, पेन्सिल आणि ठरलेल्या वेळी घेतलेले चार-पाच नमुने पुरतात. वीस-पंचवीस नोंदी झाल्या की सरासरी आणि मर्यादा काढता येतात. पुढचे काम खर्चाचे आहे. मर्यादेच्या आतला फैलाव कमी करण्यासाठी साचा बदलावा लागतो, दाणा वाळवण्याची सोय करावी लागते, पुरवठादाराशी भावापलीकडचे बोलावे लागते. यातला एकही निर्णय मशीनवर उभ्या असलेल्या माणसाच्या हातात नसतो, आणि त्यामुळेच डेमिंग कारखान्यात आलेख शिकवण्याआधी त्याच्या प्रमुखाला समोर बसवत.