सात मुलं, एक हत्ती आणि मी

(नाशिकमधल्या एका वाचनालयात पालक-शिक्षकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार. आधीच सांगून टाकतो, मला कलेतलं काही कळत नाही. मी अंबडला एका कारखान्यात क्वालिटीला आहे. वीस वर्षं एकच काम. तयार झालेला जॉब हातात घ्यायचा, माप तपासायचा गेज लावायचा, बसला तर पुढे, नाही बसला तर लाल ट्रेमध्ये. मॅडमनी मला इथं उभं केलं त्याचं कारण एवढंच, की माझी मुलगी चौथीत असताना सहलीबरोबर गेलेल्या पालकांत मी एकटा बाप्या होतो आणि परत आल्यावर पालकसभेत जरा जास्तच बोललो होतो.

सहल मुंबईची होती. भायखळ्याचं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय आणि त्याला लागूनच असलेली राणीची बाग. पहाटे साडेचारला शाळेच्या गेटवर जमलो. कसारा घाटात जे व्हायचं ते झालंच. ओवा, लिंबू, प्लास्टिकच्या पिशव्या, "काका, याला होतंय!" माझ्या वाट्याला सात मुलं होती. घाट उतरेपर्यंत सातही जणांची नावं पाठ झाली. मुलांच्या डोक्यात फक्त पेंग्विन. संग्रहालय म्हणजे पेंग्विनच्या आधी भोगायची शिक्षा.

त्यात शाळेनं प्रत्येकाच्या हातात एक कागद दिला होता. दहा रिकाम्या जागा. संग्रहालय कोणत्या साली सुरू झालं? पूर्वीचं नाव काय? उत्तरं सगळी पाट्यांवर. झालं, मुलं आत शिरली ती पाट्या हुडकत. डोक्यावर एवढं सोनेरी नक्षीकाम, उंचच उंच लोखंडी खांब, वर बघायला कोणी तयार नाही. "काका, १८७२ ना? आधीचं नाव व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट ना? १९७५ साली बदललं ना?" हो, हो आणि हो. दहा मिनिटांत कागद भरले आणि सगळ्यांनी एका सुरात विचारलं, "आता पेंग्विन?"

शाळेला नावं ठेवायला मी इथं आलेलो नाही. कारण पुढचा अर्धा तास मी स्वतः त्या कागदापेक्षा वाईट वागलो. प्रत्येक कपाटापुढं मुलांना उभं करून तोंडी परीक्षा घेतली. हे कशाचं आहे? काय शिकलात यातून? तिथं मातीच्या छोट्या छोट्या प्रतिमा आहेत, निरनिराळ्या समाजांची, निरनिराळे धंदे करणारी माणसं, अंगावरच्या कपड्यांसकट. एक मुलगा त्या काचेला नाक लावून उभा राहिला. वर्गात कधी तोंड न उघडणारा, असं बाईंनी आधीच सांगितलेला. मी त्याला तीनदा "चल पुढं" म्हटलं. तिसऱ्यांदा दंडाला धरून काढलं. तो काय बघत होता, मला आजतागायत माहीत नाही. विचारलंच नाही ना.

मग आम्ही बाहेर आलो आणि तिथं हत्ती होता.

बाईंना मुलांची मोजणी जमेना, दुसऱ्या तुकडीतलं एक मूल कमी भरत होतं. (होतं तिथंच, खांबाआड बसून चिवडा खात होतं.) त्यामुळं आम्हाला वीस मिनिटं फुकट मिळाली. संग्रहालयाच्या आवारात एक मोठा दगडी हत्ती आहे. मी काही विचारायच्या आत एक मुलगी म्हणाली, "काका, याला टाके पडलेत."

मी बघितलं. खरंच होतं. अंगभर सांधे. आता सांधा म्हणजे माझा प्रांत! मी खाली वाकलो, मुलं वाकली. हा एक. तो कानामागे एक. पायाला आहे का? मोजायला लागलो तर प्रत्येकाचा आकडा वेगळा. हात लावायचा नाही, त्यामुळं सगळा कारभार डोळ्यांनी. एक सांधा आहे की नुसती दगडातली रेघ, यावर दोघांत भांडण जुंपलं आणि मला ते सोडवता येईना. गेज नव्हता माझ्याकडं.

आदल्या रात्री मी थोडं वाचून गेलो होतो, ते तेव्हा उपयोगी पडलं. हा हत्ती घारापुरीचा. पोर्तुगीज आले तेव्हा बेटावर हाच उभा होता, म्हणून त्यांनी बेटाचं नाव एलिफंटा ठेवलं. १८६४ मध्ये इंग्रजांनी तो उचलून विलायतेला न्यायचा घाट घातला. क्रेन तुटली, हत्ती पडला, तुकडे झाले. ते तुकडे मुंबईत आणले आणि १९१४ मध्ये पुन्हा जोडले.

एवढंच बोललो आणि गप्प बसलो. खरं सांगायचं तर पुढचं मला येतच नव्हतं. पण प्रश्न सुरू झाले ते थांबेनात. क्रेन कशी तुटली? किती टनाची होती? मधली पन्नास वर्षं तुकडे पडून होते, तर एखादा हरवला असेल का? आणि माझी मुलगी, जी घरी अभ्यासाला बसताना तीन वेळा पाणी प्यायला उठते, ती म्हणाली, "पप्पा, कुठला तुकडा कुठं बसतो हे त्यांना कसं कळलं?"

आमच्याकडं ड्रॉइंग असतं. ड्रॉइंगशिवाय असेंब्ली होत नाही. इथं ड्रॉइंग कुठलं? मग आम्ही एक युक्ती केली. सांध्याच्या अलीकडची कातडीची वळी, सुरकुती धरायची आणि ती पलीकडं तशीच पुढं जाते का बघायचं. काही ठिकाणी जात होती. काही ठिकाणी मुलांचं मत पडलं की जोडणाऱ्यानं अंदाजानं मारलंय. वीस वर्षांच्या नोकरीत इतकं चांगलं इन्स्पेक्शन मी केलेलं नाही, आणि लाल ट्रेमध्ये मात्र काहीच टाकायचं नव्हतं.

पेंग्विन नंतर बघितले. काचेपलीकडं पाठ करून उभे होते.

आता सोबत जाणाऱ्यांसाठी थोडं कामाचं. संग्रहालय आणि राणीची बाग, दोन्ही बुधवारी बंद असतात. नाशिकहून निघालेली बस बुधवारी भायखळ्यात पोचली तर काय होतं, ते मला विचारू नका. शू आत शिरायच्या आधी. दप्तरं बसमध्ये. पाटी आपण वाचायची, तीही आदल्या दिवशी. मुलांना कागद द्यायचाच असेल तर कोरा द्या, सोबत पेन्सिल, आणि परत आल्यावर तो तपासू नका. शिक्षकांना हे पटणार नाही, दिसतंयच मला चेहऱ्यांवर. फोटोंचं म्हणाल तर माझ्या मोबाइलमध्ये त्या दिवसाचे एकशे चाळीस फोटो आहेत. हत्तीचा एकही नाही, तेव्हा हात रिकामे नव्हते.

आणि प्रत्येक वेळी घाट उतरायलाच हवा असं नाही. ज्या भाऊ दाजींचं नाव त्या संग्रहालयाला आहे, त्यांच्याकडं काम करणाऱ्या भगवानलाल इंद्रजींनी आपल्या पांडवलेण्यातले शिलालेख वाचले, छापून प्रसिद्ध केले. तीन नंबरच्या लेण्यात गौतमी बलश्रीचा लेख आहे. आपला मुलगा, सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णी, याच्या घोड्यांनी तीन समुद्रांचं पाणी प्यायलं, असं त्या आईनं कोरून ठेवलंय. आपण नाशिककर तिथं जातो ते पायऱ्या चढून वजन उतरवायला. मीही त्यातलाच. चोवीस लेणी, आणि माझं लक्ष मनगटावरच्या घड्याळाकडं.

मुंबईहून आल्यावर दुसऱ्या रविवारी मुलीला घेऊन गेलो. तीन नंबरच्या लेण्यापुढं खाली सहा यक्ष आहेत, वरचा सगळा भार खांद्यावर घेतलेले. डोकी आणि खांदे दिसतात, बाकी अंग दिसत नाही. मी पाटी वाचली नाही, घड्याळ खिशात टाकलं. ती बराच वेळ एकाच्या तोंडाकडं बघत होती. मग म्हणाली, "पप्पा, हे खाली उभे आहेत की बसलेत?"

आम्ही दोघंही उकिडवे बसलो आणि खांद्यांवर भार घेतल्यासारखं करून बघितलं.