घरी शिकलेल्या मुलांना कॉलेजची शिष्यवृत्ती
(फोंड्यात पालकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित रूप)

मंडळी, मुलांना घरी शिकवणारे आईबाप भेटले की एक प्रश्न हमखास येतो. मुलाचे नाव कुठल्या शाळेच्या पटावर नाही, मग उद्या कॉलेजला शिष्यवृत्ती कोण देणार? ही भीती निम्मी खरी आहे. आठवीत होणारी राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक परीक्षाच घ्या. तिच्यात निवड झाली तर वर्षाला १२,००० रुपये मिळतात, पण बसायला सरकारी किंवा अनुदानित शाळेत नाव लागते. घरी शिकणाऱ्या हुशार, गरीब मुलाला तिथे जागाच नाही. हा अन्याय आहे असे मी मानतो आणि तो दूर व्हायला हवा.

बारावीनंतर मात्र चित्र पालटते. राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर भरलेल्या अर्जाची पहिली पडताळणी मूल ज्या कॉलेजात शिकते ते कॉलेज करते आणि गुणवत्ता ठरते बारावीच्या गुणपत्रिकेवर. म्हणून ती गुणपत्रिका मान्यताप्राप्त मंडळाची हवी. आपल्यातले बरेच जण १९८९ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय मुक्त विद्यालयाकडे, म्हणजे एनआयओएसकडे वळतात. तिथे नोंदणी पाच वर्षे चालते, विषय सवडीने सोडवता येतात. सवड चांगलीच, पण पाच विषय पूर्ण झाल्याशिवाय प्रमाणपत्र हाती येत नाही. जेईईलाही किमान पाच विषय लागतात. घरून सोडवून पाठवायच्या स्वाध्यायांनाही गुण असतात. ते शेवटच्या आठवड्यात उरकू नका. शिष्यवृत्ती एखाद-दुसऱ्या गुणाने हुकते.

आता केंद्राची कॉलेज विद्यार्थ्यांसाठीची योजना. पदवीच्या पहिल्या तीन वर्षांत दरवर्षी १२,००० रुपये, कुटुंबाचे उत्पन्न साडेचार लाखांपर्यंत. अट आहे ८० पर्सेंटाइलच्या वर असण्याची. पालक ते ८० टक्के समजतात आणि ७६ टक्क्यांच्या मुलीचा अर्जच भरत नाहीत! आपल्या मंडळातून, आपल्या शाखेत उत्तीर्ण झालेल्यांतल्या वरच्या वीस टक्क्यांत ती आहे का, एवढेच पाहायचे असते.

आणखी एक, फार महत्त्वाचे. बारावीपर्यंत घरी शिकलो, आता पदवीही दूरशिक्षणाने करू, असा विचार आपल्या घरांत सहज होतो. ही योजना नियमित अभ्यासक्रमासाठीच आहे. नूतनीकरणाला ५० टक्के गुण आणि ७५ टक्के हजेरी लागते. घरी मोकळेपणाने वाढलेल्या मुलाला हजेरीचे हे बंधन आधीपासून सांगून ठेवा.

विज्ञानाकडे ओढा असेल तर इन्स्पायर शिष्यवृत्ती बघा. आपल्या मंडळात बारावीला वरच्या एक टक्क्यात येऊन मूलभूत विज्ञान शिकणाऱ्यांना वर्षाला ८०,००० रुपयांपर्यंत मिळतात. उत्पन्नाची अट नाही.

अर्ज अडतात ते बहुधा कागदांवर. गोव्यात तर आडनावाचीच भानगड. जन्मदाखल्यावर नाईकच्या शेवटी पोर्तुगीज वळणाचे 'क्यू-यू-ई', आधारवर 'के', बँकेत तिसरेच. शाळेत जाणाऱ्या मुलाचे नाव दहावीचा फॉर्म भरताना शिक्षक तपासून घेतात. आपल्या मुलाचे ते काम आपणच करायचे, दहावीच्या नोंदणीआधी. जे स्पेलिंग तिथे जाईल तेच पुढे सगळीकडे जाते. उत्पन्नाचा दाखला मामलेदार कचेरीतून मिळतो. गोवा सरकारच्या अनेक योजनांना पंधरा वर्षांच्या रहिवासाचा दाखलाही लागतो. निकालानंतर तिथे झुंबड उडते, म्हणून कागदपत्रे आधीच जमवून ठेवा.

आणि शिष्यवृत्ती नाहीच मिळाली तर? गोवा शिक्षण विकास महामंडळाचे बिनव्याजी शैक्षणिक कर्ज आहे. कर्ज म्हटले की आपले लोक बिचकतात, पण व्याज नसलेल्या कर्जासाठी मुलीचे कॉलेज थांबवू नका. पर्वरीला जाऊन अर्ज आणा आणि अटी स्वतः वाचा.