अमेरिकेत पहिलं बाळंतपण आणि इन्शुरन्सच्या तारखा

न्यू जर्सीतलं एडिसन. ओक ट्री रोडवर शनिवारी संध्याकाळी गाडी लावायला जागा मिळत नाही, दुकानात मेथी, अळू, ओला नारळ सगळं मिळतं आणि चालता चालता मराठी कानावर पडतंच. इथे एच-4 व्हिसावर नवऱ्याबरोबर आलेल्या कितीतरी मुलींचं पहिलं बाळंतपण इथेच होतं, माहेरापासून लांब.

येताना एक समजूत मात्र बरोबर येते. आपल्याकडे मेडिक्लेममध्ये मॅटर्निटीला वेटिंग पिरियड असतो, कुठे नऊ महिने तर कुठे तीन-चार वर्षं, त्यामुळे दिवस गेल्यावर इन्शुरन्स काढून काय उपयोग असंच डोक्यात बसलेलं असतं. इथे तसं नाहीये. 2014 पासून सरकारी मार्केटप्लेसवरच्या (म्हणजे स्वतःचा इन्शुरन्स विकत घ्यायच्या सरकारी वेबसाइटवरच्या) प्रत्येक प्लॅनमध्ये बाळंतपण आणि नवजात बाळाची ट्रीटमेंट असावीच लागते आणि पोटात बाळ आहे म्हणून प्लॅन नाकारता येत नाही.

अडचण येते ती तारखांमुळे. लग्न झालं की कंपनीच्या प्लॅनमध्ये बायकोचं नाव घालायला निदान 30 दिवस मिळतात, पण लग्न आधीच झालंय आणि ती आता भारतातून येतेय, तर किती दिवसांची मुदत आहे ते एचआरला ती विमानात बसायच्या आधीच विचारा. मार्केटप्लेसवर नव्याने आलेल्याला 60 दिवस असतात. ते गेले की थेट वर्षअखेरच्या ओपन एन्रोलमेंटपर्यंत, म्हणजे सगळ्यांना प्लॅन घेता येतो त्या दिवसांपर्यंत, थांबायचं, आणि नुसते दिवस गेलेत म्हणून दार उघडत नाही, न्यूयॉर्कसारख्या काही राज्यांत उघडतं पण सगळीकडे नाही. अजून एक, 2027 पासून मार्केटप्लेसची सबसिडी एच-1बी (नोकरीचा व्हिसा), एच-4 वाल्यांना मिळणार नाहीये, म्हणजे पूर्ण प्रीमियम भरायची तयारी ठेवा.

आणि तोपर्यंत असू दे म्हणून स्वस्तातला व्हिजिटर इन्शुरन्स काढतात ना, त्यावर अजिबात विसंबू नका. रेग्युलर चेकअप आणि डिलिव्हरी त्यात सहसा नसतेच, आणि हे कळतं तेव्हा सातवा महिना लागलेला असतो.

उत्पन्न कमी असेल तर मेडिकेड हा सरकारी इन्शुरन्स आहे. ग्रीन कार्डवाल्यांना एरवी 5 वर्षं थांबावं लागतं, पण न्यू जर्सीसह बऱ्याच राज्यांनी गरोदर बायकांसाठी ही अट काढून टाकलीय. व्हिसावर असाल तर अर्ज करायच्या आधी इमिग्रेशन वकिलाशी बोलून घ्या, ते नियम बदलत राहतात.

आता पैशाचं. मोठ्या कंपन्यांच्या इन्शुरन्सवाल्या बायकांचा एक अभ्यास झालाय, त्यात प्रेग्नन्सी, डिलिव्हरी आणि नंतरचं धरून एका बाळंतपणाचा सरासरी खर्च 19 हजार डॉलरच्या आसपास निघाला आणि त्यातले जवळपास 3 हजार घरच्यांच्या खिशातून गेले. प्लॅन बघताना सगळे महिन्याचा प्रीमियम बघतात, मला विचाराल तर आधी आउट-ऑफ-पॉकेट मॅक्सिमम, म्हणजे वर्षभरात आपल्या खिशातून जास्तीत जास्त किती जाईल तो आकडा बघा, कारण बाळंतपणाच्या वर्षी तिथपर्यंत पोचायची शक्यता भरपूर असते. दिवस ऑगस्टमध्ये गेले आणि बाळ एप्रिल-मेमध्ये होणार असेल तर प्लॅनचं वर्ष मध्येच बदलतं आणि डिडक्टिबल (इन्शुरन्सने पैसे द्यायला लागायच्या आधी आपण भरायची रक्कम) दोनदा भरायला लागू शकतो, हे कुणीच आधी सांगत नाही.

सगळ्यात जीव घाबरतो तो नोकरी गेल्यावर. सातव्या महिन्यात ले-ऑफचा मेल येतो, एच-1बीवाल्याला नवीन नोकरी शोधायला जेमतेम 60 दिवस असतात आणि महिनाअखेर इन्शुरन्सही जाणार असतो. तेव्हा कोब्रा हा शब्द लक्षात ठेवा. 20 किंवा जास्त माणसांच्या कंपनीत जुनाच प्लॅन चालू ठेवता येतो, निर्णयाला 60 दिवस मिळतात आणि तो मागच्या तारखेपासून लागू होतो. प्रीमियम महाग पडतो, कंपनीचा वाटाही आपणच भरायचा, पण डॉक्टर आणि हॉस्पिटल तेच राहतं आणि आठव्या महिन्यात त्याची किंमत फार मोठी आहे.

डिलिव्हरी झाली. कायद्याने नॉर्मलनंतर 48 तास आणि सिझेरियननंतर 96 तासांचं राहणं इन्शुरन्सला कमी करता येत नाही, त्यामुळे घाईने घरी जायची गरज नाही. भुलीचा डॉक्टर नेटवर्कबाहेरचा, म्हणजे आपल्या इन्शुरन्सशी करार नसलेला निघाला तरी हॉस्पिटल नेटवर्कमधलं असेल तर 2022 पासून तो जादाचं बिल लावू शकत नाही. पण बाळाचं नाव प्लॅनमध्ये आपोआप पक्कं होत नाही बरं का, कंपनीच्या प्लॅनमध्ये साधारण 30 दिवसांत घालावं लागतं, सोशल सिक्युरिटी नंबर आला नाही तरी फॉर्म भरून टाका. रात्र रात्र जागरण, दूध, टाके, घरात आई असली तर डिंकाचे लाडू, या सगळ्यात महिना कधी संपतो कळत नाही, म्हणून हे काम बाबाने हॉस्पिटलमधूनच करावं.

मग पाकिटं यायला लागतात. इन्शुरन्स कंपनीकडून येणाऱ्या पहिल्या कागदावर ठळक लिहिलेलं असतं की हे बिल नाही. तो जपून ठेवा, खरं बिल आलं की शेजारी ठेवून ओळ न् ओळ ताडून बघा, आईची वेगळी, बाळाची वेगळी. आकडा जुळला नाही तर पैसे भरायच्या आधी आयटमाइज्ड, म्हणजे प्रत्येक खर्च वेगळा दाखवणारं बिल मागा. भरणं झेपत नसेल तर नॉन-प्रॉफिट हॉस्पिटलला आर्थिक मदतीची पॉलिसी ठेवावीच लागते, बिलिंग ऑफिसला फोन करून तो फॉर्म मागा, आणि इंग्रजीत बोलायला अवघड वाटत असेल तर मराठी दुभाषी मागा, त्याचे पैसे लागत नाहीत.