इतर हक्काच्या रकान्यात

मंडळी, बाई शेतात किती राबते हे सांगायला मी इथवर आले नाही. निंदणी, कापूसवेचणी, कांद्याची लागण कोण करतं ते तुम्ही रोज बघता. देशाच्या ग्रामीण भागातल्या कामकरी बायकांपैकी तीन चतुर्थांशाहून जास्त शेतीत आहेत. आणि २०१५-१६ च्या कृषी गणनेत वहिवाटदार म्हणून बायकांची नोंद? सुमारे १४ टक्के. हे अंतर ज्या कागदामुळे पडतं त्या सातबाऱ्याबद्दल बोलू.

कायदा कमी पडतो असं नाही. हिंदू वारसा कायद्यात महाराष्ट्राने १९९४ सालीच दुरुस्ती करून मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतका हक्क दिला; फक्त आधीच लग्न झालेल्या मुली वगळल्या. २००५ च्या केंद्राच्या दुरुस्तीत ती अटही राहिली नाही. २००५ साली वडील हयात नसले तरी मुलीचा हक्क जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केलं. मग वाटा जातो कुठे? हक्कसोडपत्रावर. वडील गेले, तेरावं झालं, वारस नोंदीचा विषय निघाला की भाऊ गाडी पाठवतो. बहीण सही करते आणि साडीचोळी घेऊन सासरी जाते.

शहरातली शिकलेली माणसं तिला भोळी म्हणतात. मला ती भोळी वाटत नाही. उद्या नवऱ्याने टाकलं, तो दारूत गेला, तर ती उभी कुठे राहणार? माहेरचं दार उघडं राहावं म्हणून ती दोन एकर मोजते. तिचा हिशेब पक्का आहे, किंमत मात्र भलतीच चढी आहे.

म्हणून शेतकरी नेते शरद जोशींच्या लक्ष्मी मुक्ती मोहिमेचं मला मोल वाटतं. शेतकरी संघटनेचं महिला अधिवेशन १९८६ मध्ये नाशिक जिल्ह्यात चांदवडला भरलं. पुढे काही वर्षांत ही मोहीम निघाली की नवऱ्याने आपल्या हयातीतच बायकोच्या नावावर जमीन करावी. जळगाव जिल्ह्यातल्या विटनेरसारख्या गावांनी ते करून दाखवलं. नंतर शासनानेही परिपत्रक काढून पत्नीचं नाव सहहिस्सेदार म्हणून लावायची वाट सोपी केली. यात भावाबहिणीत वाकडं येत नाही, जमीन घरातच राहते. हे चतुर आहे. पण सगळं नवऱ्याच्या मर्जीवर, ही त्यातली खोट. मर्जी नसेल तर बाई काय करणार? शेजारच्या शहाण्या नवऱ्याकडे बघत बसणार.

आता खरी मेख. नाव लागलं म्हणून पेढे वाटणाऱ्यांनी आधी उतारा नीट बघावा. सातबाऱ्यावर एक रकाना भोगवटादाराचा, म्हणजे जमीनधारकाचा, दुसरा इतर हक्कांचा. या दुसऱ्या रकान्यात सोसायटीच्या कर्जाचा बोजा असतो, विहिरीतला हिस्सा असतो, वाटेचा हक्क असतो. आणि कित्येक उताऱ्यांवर त्यांच्याच रांगेत बायको, आई, बहीण बसवलेली असते. पीककर्जाला गेलात की बँक भोगवटादार कोण ते विचारते. योजनांचे पैसे, नुकसानभरपाई, सगळं त्याच नावाच्या मागे जातं. बोजाच्या शेजारी बसलेल्या बाईला कोण विचारतो?

ज्यांचे यजमान गेलेत त्यांच्यासाठी दोन गोष्टी. वारसाची वर्दी, म्हणजे खबर, तीन महिन्यांच्या आत तलाठ्याकडे द्यायची (आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं, पण तुम्ही तलाठीच म्हणाल, मीही म्हणते). शासनाच्या ई-हक्क संकेतस्थळावर घरबसल्याही देता येते. फेरफाराची, म्हणजे नावबदलाच्या नोंदीची, नोटीस निघाली की हरकतीला पंधरा दिवस मिळतात. दीर म्हणतील, ‘वहिनी, तुम्ही नका त्रास घेऊ, मी बघतो.’ चहा द्या, पण नोटीस स्वतः वाचा, वाचता येत नसेल तर मुलीकडून वाचून घ्या. नोंद मंजूर झाली की नवा उतारा काढा आणि आपलं नाव कोणत्या रकान्यात पडलं ते बघा. चुकीच्या जागी असेल तर दुरुस्तीचा अर्ज तहसीलदारांकडे.

कुणी आज उतारे आणले असतील तर काढा, इथेच बघू.