फोर्डचा विजेचा ट्रक आणि एडिसनची मूठ

श्रोतेहो, नमस्कार.

डिसेंबर २०२५ मध्ये अमेरिकेतल्या फोर्ड कंपनीनं जाहीर केलं, की एफ-१५० लाइटनिंग हा पूर्ण विजेवर चालणारा पिकअप ट्रक यापुढे बनणार नाही. नाव राहील, गाडी बदलेल. पुन्हा सांगतो : नाव राहील, गाडी बदलेल. नव्या लाइटनिंगमध्ये पेट्रोलचं इंजिन असेल. ते चाकं फिरवणार नाही, नुसता जनरेटर चालवून वीज पुरवत राहील. ७०० मैल, म्हणजे अकराशे किलोमीटरहून जास्त पल्ला मिळेल, असा कंपनीचा अंदाज आहे.

ही बातमी वाचली आणि मला १८९६ सालचं एक जेवण आठवलं. ही गोष्ट तुमच्यापैकी काहींनी माझ्याकडून ऐकली असेल. असू दे, मला ती सांगायला आवडते.

हेन्री फोर्ड तेव्हा तेहतीस वर्षांचा. नोकरी कुठे? तर डेट्रॉईटच्या एडिसन इल्युमिनेटिंग कंपनीत. वीज कंपनीत! पगार विजेचा आणि ध्यास पेट्रोलचा. १८९३ च्या नाताळच्या आदल्या रात्री त्यानं पहिलं इंजिन चालवून पाहिलं, तेही घरच्या स्वयंपाकघरात, सिंकवर बसवून. बायको क्लारा सणाच्या गडबडीत, पोर जेमतेम दीड महिन्याचं, आणि हे महाशय तिला सांगतात, जरा इथं थेंबथेंब पेट्रोल सोड. तिनं सोडलं बिचारीनं. चकल्या तळताना कुणी असं सांगून बघा घरी!

पुढे जून १८९६ मध्ये आख्खी गाडी तयार झाली, तर ती शेडच्या दारातून बाहेर निघेना. दार अरुंद. मग कुऱ्हाड घेतली, भिंतीच्या विटा पाडल्या आणि गाडी रस्त्यावर आणली.

आता ते जेवण. ऑगस्ट महिना, न्यू यॉर्कजवळचा मॅनहॅटन बीच, ओरिएंटल हॉटेल. एडिसनच्या नावानं चालणाऱ्या वीज कंपन्यांचं संमेलन, आणि खुद्द थॉमस एडिसन पंगतीला. गप्पा चालल्यात, की उद्याच्या गाड्या विजेवर चालणार, त्यांच्या बॅटऱ्या भरायचा केवढा धंदा आपल्याला मिळणार! एवढ्यात फोर्डचे साहेब, अलेक्झांडर डाऊ, त्याच्याकडे बोट दाखवून म्हणाले, ह्या पोरानं पेट्रोलची गाडी केलीय. झालं. एडिसनला ऐकू कमी यायचं, म्हणून फोर्डला त्याच्या शेजारी आणून बसवलं. एडिसन विचारतोय, फोर्ड आकृत्या काढून दाखवतोय. सगळं समजून घेतल्यावर एडिसननं टेबलावर मूठ आपटली आणि सांगितलं, पोरा, हेच धरून ठेव. विजेच्या गाडीला वीजकेंद्राच्या आसपासच राहावं लागतं, तिची बॅटरी फार जड. तुझी गाडी आपलं शक्तिकेंद्र बरोबर घेऊन फिरते.

कोण सांगतंय हे? एडिसन! विजेचा धंदा उभा करणारा माणूस! फोर्डला ती मूठ जन्मभर पुरली.

आणि गंमत पुढेच आहे. १९१४ साली हेच दोघे, आता जिवलग मित्र, स्वस्त विजेची मोटार काढायच्या मागे लागले. एडिसननं मधल्या काळात निकेल-लोखंडाची बॅटरी तयार केली होती. प्रयोगाच्या गाड्या बनल्या, बातम्या छापून आल्या, मोटार बाजारात आलीच नाही. आणि त्याच सुमारास क्लाराबाई, सिंकवर पेट्रोल सोडणाऱ्या त्याच, स्वतः चालवत होत्या डेट्रॉईट इलेक्ट्रिक. दुसऱ्याच कंपनीची, विजेची. नवरा मॉडेल टी लाखांनी विकतोय, आणि बाईंच्या गाडीला हँडल मारायचं नाही, धूर नाही, खडखडाट नाही. स्टिअरिंगचं चाकसुद्धा नाही, नुसता दांडा. नाहीतर आत्ताच्या गाड्या! लाइटनिंगच्या महाग मॉडेलात साडेपंधरा इंची पडदा आहे. गाडीत टीव्ही कशाला हवा, ते मला अजून कळलेलं नाही. गोल फिरवायचं बटण अंधारातही हाताला लागतं. असो.

वेळ थोडा उरलाय, तेव्हा लाइटनिंगचं झालं काय ते भराभर सांगतो. मे २०२१ मध्ये ट्रक दाखवला, किंमत चाळीस हजार डॉलरच्या आत. शंभर-शंभर डॉलर भरून जवळपास दोन लाख लोकांनी नावं नोंदवली. वीज गेली तर ह्या ट्रकवर घर तीन दिवस चालेल, हेही लोकांना आवडलं. मग किंमत वाढत वाढत २०२३ मध्ये साठ हजाराला टेकली, पुन्हा उतरवावी लागली. २०२४ मध्ये विकले गेले ३३,५१० ट्रक. फोर्डचे एफ मालिकेतले, पेट्रोलचेसुद्धा, सगळे ट्रक धरले तर सात लाखांच्या वर. सप्टेंबर २०२५ अखेर सरकारची साडेसात हजार डॉलरची करसवलत संपली. त्याच महिन्यात न्यू यॉर्क राज्यात ऑस्वेगो इथं ॲल्युमिनियम पुरवणाऱ्या कारखान्याला आग लागली, ऑक्टोबरात लाइटनिंगचं काम थांबलं आणि लाइटनिंग बनवणारे कामगार पेट्रोलच्या ट्रकवर पाठवले गेले.

पण मूळ दुखणं आगीचं नाही, सवलतीचंही नाही. अमेरिकन माणूस पिकअपच्या मागे बोट जोडतो, घोड्यांचा ट्रेलर जोडतो. लाइटनिंगच्या मागे तसं जड ओझं लावलं, की पल्ला जवळजवळ निम्मा होतो. मोठी बॅटरी घालावी, तर वजन आणि किंमत दोन्ही चढतात. बॅटरी जड, वीजकेंद्र लांब. मूठ आठवतेय ना? आणि फोर्डनं आता काढलेला उपाय काय, तर ट्रकनं आपलं शक्तिकेंद्र बरोबर घेऊन फिरायचं!

अर्थात बोट ओढणारे थोडेच. कितीतरी पिकअप रिकामा हौदा मिरवत एकट्या माणसाला ऑफिसला पोचवतात. आपल्याकडेही गल्ली आठ फुटी आणि गाडी सात फुटी, हे कौतुक वाढतच चाललंय.

ह्या जनरेटरवाल्या ट्रकपेक्षा मला भरवसा आहे तो फोर्डच्याच दुसऱ्या बेतावर. लुईव्हिलच्या कारखान्यात मध्यम आकाराचा, पूर्ण विजेचा पिकअप बनवायचा, बॅटरी छोटी ठेवायची, किंमत तीस हजार डॉलरच्या आसपास, वर्ष २०२७. तो ट्रक आला, की हौदा भरून, मागे ट्रेलर लावून किती मैल जातो, हा आकडा मी आधी बघणार. किंमत नंतर.

नमस्कार.