वही दुसऱ्या घरी राहते

अध्यक्षांनी माझी ओळख 'बालहक्कांचे तज्ज्ञ' अशी करून दिली. तज्ज्ञ वगैरे काही नाही. कौटुंबिक न्यायालयात समुपदेशक म्हणून वीस वर्षं मुलांशी बोललो, त्यातली निम्मी चुकीचे प्रश्न विचारण्यात गेली.

सगळ्यांत चुकीचा प्रश्न तुम्हालाही पाठ आहे. 'आई हवी की बाबा?' पाहुणे विचारतात, आपण हसतो. आत्ताही हसलात. तोच न्यायालयात विचारला की त्याला मुलाचं मत जाणून घेणं म्हणतात.

एक नऊ वर्षांचा मुलगा. न्यायाधीशांच्या दालनातली मोठी खुर्ची, पाय अधांतरी. साहेब भले गृहस्थ, त्यांनी चॉकलेट पुढे केलं. आता चॉकलेट देणारा माणूस काहीतरी विचारणार, हे पोराला तोवर पक्कं ठाऊक झालं होतं. दोन वकील, दोन आज्या आणि मी, सगळ्यांचं विचारून झालं होतं. त्याने चॉकलेट खिशात टाकलं आणि उलट मलाच विचारलं, "मी बोललो ते बाबांना कळणार का?" साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, मी साहेबांकडे. मग तो बोललाच नाही. अहवालात मी लिहिलं, 'मूल मत व्यक्त करण्यास असमर्थ.'

बाहेर बाकावर मात्र भडाभडा बोलला. आई-बाबांबद्दल नाहीच! आठवड्याच्या मध्यात घर बदलतं, गणिताची वही नेमकी दुसऱ्या घरी राहते आणि वर्गात उभं राहावं लागतं. अदलाबदल शनिवारी करा, एवढंच त्याचं मागणं. कुठल्याच अर्जात ते नव्हतं. मीही ते आत नेलं नाही, कारण छापील नमुन्यात त्यासाठी रकाना नव्हता. आदेश आला: अदलाबदल बुधवारी.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं उरलीत. विषय तर आता सुरू होतोय! भरभर सांगतो. संयुक्त राष्ट्रांचा बालहक्क करार १९८९चा, त्याचं बारावं कलम. स्वतःचं मत बनवू शकणाऱ्या मुलाला त्याच्याशी संबंधित प्रत्येक बाबतीत ते मांडता आलं पाहिजे, आणि वय व समज पाहून त्याला वजन द्यायचं. न्यायालयात मुलाने स्वतः बोलावं किंवा प्रतिनिधीमार्फत. किमान वय कलमात नाही, आणि या करारावर देखरेख ठेवणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्याच बालहक्क समितीने २००९ साली केलेल्या विवेचनात तर वयाची अट घालूच नका, असं म्हटलंय. गप्प राहण्याचाही हक्क आहे. मूल म्हणेल तसाच निकाल, असं मात्र नाही. पण त्याच्या म्हणण्याचं पुढे काय केलं, ते त्याला सांगायचं, हेही त्याच विवेचनात आहे. मला खरं तर एवढ्यावरच बोलायचं होतं.

२०१७ साली इंग्लंडमध्ये न्यायमूर्ती पीटर जॅक्सन यांनी अख्खं निकालपत्रच चौदा वर्षांच्या मुलाला पत्र म्हणून लिहिलं. त्याला वडिलांबरोबर परदेशी राहायला जायचं होतं. परवानगी मिळाली नाही, पण का नाही ते त्यालाच समजावलं, सोप्या भाषेत. आमच्या वहीवाल्याला आदेशाची प्रत गेली नाही. दोन्ही वकिलांना गेली. झाली का घंटा? थांबतो.