घर आणि हद्द यांच्यातले २५ फूट

नमस्कार मंडळी. आज मी सेटबॅकबद्दल बोलणार आहे. घराची भिंत आणि प्लॉटची हद्द यांच्यामध्ये कायद्याने जी जागा मोकळी सोडावी लागते ती. मराठीत नगररचनेच्या कागदांत तिला सामासिक अंतर म्हणतात, इथे अमेरिकेत आपण सगळेच सेटबॅक म्हणतो. पुढचं अंगण म्हणजे फ्रंट यार्ड, बाजूची बोळ म्हणजे साइड यार्ड आणि मागचं परस म्हणजे रिअर यार्ड. विषय कोरडा वाटेल पण ज्याचं ज्याचं इथे स्वतःचं घर आहे त्याच्या जमिनीचा बराच भाग याच आकड्यांनी बांधून ठेवलाय, आणि सध्या बऱ्याच शहरांत हे आकडे बदलायचं चाललंय, आमच्या शहरातही चाललंय, म्हणून म्हटलं बोलूया.

आधी हिशोब सांगतो. माझा प्लॉट ५० फूट रुंद आणि १०० फूट खोल, म्हणजे ५००० स्क्वेअर फूट. पुढून २५ फूट सोडायचे, मागून २५, दोन्ही बाजूंनी पाच पाच. उरलं काय तर ४० बाय ५०, म्हणजे २००० स्क्वेअर फूट. बाकीच्या ३००० स्क्वेअर फुटांचे पैसे मी भरले, टॅक्स मी भरतो, गवत मी कापतो, पण तिथे भिंत उभी करता येत नाही. आता हे सगळं चुकीचं आहे असं मी म्हणत नाहीये. मला एवढंच विचारायचंय की यातला प्रत्येक फूट कशासाठी आहे. ज्या फुटाला कारण आहे तो ठेवा, ज्याला नाही तो सोडा.

हे मी का विचारायला लागलो ते सांगतो. माझ्या आईला पॅरालिसिसचा झटका आला, त्यानंतर तिला जिना चढणं जमेना. आमच्या घरात बेडरूम सगळ्या वर. मग ठरवलं की मागच्या बाजूला खालीच एक खोली काढायची, व्हीलचेअर फिरेल असं बाथरूम जोडून. घर रस्त्याकडच्या हद्दीपासून २५ फुटांवर सुरू होतं, ४० फूट खोल आहे, म्हणजे मागे ३५ फूट शिल्लक, त्यातले २५ सोडायचे, माझ्या हातात १० फूट. आर्किटेक्टने सांगितलं बाथरूम धरून १६ लागतील. सहा फुटांसाठी अडलं सगळं. व्हेरियन्सचा अर्ज केला, म्हणजे नियमातून सूट द्या म्हणून, फी भरली, नकाशे काढले, शेजाऱ्यांना नोटिसा गेल्या, असे अर्ज ऐकणाऱ्या शहराच्या बोर्डापुढे उभा राहिलो. आईबद्दल सांगितलं, डॉक्टरची चिठ्ठी दाखवली. बोर्डातली माणसं वाईट नव्हती हो, पण त्यांनी सांगितलं की व्हेरियन्ससाठी अडचण जमिनीची असावी लागते, माणसाची नाही. प्लॉट वेडावाकडा असेल, मधे खडक असेल, तीव्र उतार असेल तर देऊ, तुमचा प्लॉट तर सरळ चौकोनी आहे. अर्ज नामंजूर. आईचा पलंग डायनिंग रूममध्ये लावला आणि मधे पडदा सोडला, तो अजून तसाच आहे.

इथे एक गोष्ट मुद्दाम सांगतो, कुणाच्या तरी कामी येईल. घरांबाबत भेदभाव होऊ नये म्हणून इथे जो फेअर हाउसिंगचा केंद्राचा कायदा आहे त्यात १९८८ साली अपंगत्वाचाही समावेश झाला. त्याप्रमाणे अपंग माणसाला घर नीट वापरता यावं म्हणून झोनिंगच्या, म्हणजे कुठे काय आणि कसं बांधायचं याच्या, नियमातही वाजवी सवलत मागता येते, रिझनेबल अकोमोडेशन म्हणतात त्याला. व्हेरियन्सपेक्षा हा वेगळा रस्ता आहे आणि काही शहरांत तो सुनावणीशिवाय ऑफिसातच मार्गी लागतो. मला हे तेव्हा माहीत नव्हतं आणि काउंटरवर कुणी सांगितलंही नाही. तुमच्या घरात कुणी व्हीलचेअरवर असेल तर आधी हे विचारा, व्हेरियन्सची फी नंतर भरा.

बरं, हे आकडे आले कुठून? मी शोधत गेलो तर शंभर सव्वाशे वर्षं मागे जावं लागलं. आधी शहराचा नियमच नसायचा, जमीन विकणारा खरेदीखतात लिहून ठेवायचा की घर रस्त्यापासून इतकं मागे बांधायचं. मग शहरांनी हात घातला. व्हर्जिनियातल्या रिचमंडमध्ये असा नियम होता की एखाद्या गल्लीत रस्त्यालगतच्या दोन तृतीयांश जागामालकांनी मागणी केली की तिथे बांधकामाची रेषा आखायची, कमीत कमी पाच फूट आणि जास्तीत जास्त तीस फूट मागे. म्हणजे शेजाऱ्यांनी सह्या केल्या की तुमचं घर मागे. १९१२ साली सुप्रीम कोर्टाने तो नियम रद्द केला, काही मालकांच्या हातात दुसऱ्यांच्या जमिनीची सत्ता देता येणार नाही म्हणून. मग पंधरा वर्षांनी, १९२७ साली, त्याच व्हर्जिनियातल्या रोअनोक शहराची केस आली. तिथे नियम होता की नवीन घर त्या गल्लीतल्या साठ टक्के घरांइतकं तरी मागे असावं. हा मात्र कोर्टाने मान्य केला. त्याआधी १९२६ मध्ये ओहायोतल्या युक्लिड गावाच्या केसमध्ये झोनिंगलाच मान्यता मिळाली होती, त्यामुळे पाया तयार होताच.

त्या रोअनोकच्या निकालात कारणं काय दिलीत बघा, मला ती फार मोलाची वाटतात. हिरवळीला आणि झाडांना जागा मिळते, रस्त्याची धूळ, आवाज, धूर घरापासून लांब राहतो, समोरासमोरच्या घरांत अंतर राहिल्याने आगीचा धोका कमी होतो, एखादं घर पुढे आलं तर शेजारच्याचा उजेड आणि हवा अडते, आणि कोपऱ्यावर गाडी चालवणाऱ्याला पलीकडचं दिसत नाही. सगळी खरी कारणं आहेत. पण यात २५ हा आकडा कुठे आहे? कुठेच नाही. कोपऱ्यावर गाडी दिसायला कोपऱ्याचा त्रिकोण मोकळा लागतो, गल्लीच्या मधल्या घराचा तिथे संबंध काय. आणि झाडांचं म्हणाल तर आमच्या गल्लीत पुढच्या पंचवीस फुटांत झाडं कमी आणि ड्राइव्हवेचं काँक्रीट जास्त आहे. पुढच्या अंगणात कुणी बसत नाही, मुलंसुद्धा मागे खेळतात.

आता आमच्या शहराचा मसुदा. पुढचे २५ चे १५ करायचे, मागचे २५ चे १०, आणि बाजूचे पाचाचे तीन. पहिल्या दोघांना माझा पाठिंबा आहे, मागच्याला एका दुरुस्तीसह, तिसऱ्याला नाही.

बाजूचे का नाही ते सांगतो, कारण तिथे प्रत्येक फुटाला काम आहे. इथल्या बहुतेक राज्यांत घरांसाठी जो इंटरनॅशनल रेसिडेन्शियल कोड, म्हणजे बांधकामाचा नियमसंच, वापरतात, त्यात साधारण असं आहे की भिंत हद्दीपासून पाच फुटांच्या आत आली की ती एक तास आग सोसणारी हवी. तीन ते पाच फुटांत असेल तर त्या भिंतीच्या पंचवीस टक्क्यांपर्यंतच खिडक्या, आणि तीनच्याही आत असेल तर खिडकी नाहीच. म्हणजे तीन फुटांवर बांधता येतं, कोड अडवत नाही, भिंत महाग पडते आणि खोली अंधारी होते इतकंच. पण कोडच्या बाहेरचं कोण बघणार? दोन घरं तीन तीन फूट सोडून उभी राहिली की मधे सहा फुटांची बोळ, त्यात दोघांचे एसीचे कंडेन्सर, गॅसचे मीटर, वर दोन्ही छपरांच्या पुढे आलेल्या कडा. शिडी लावायची झाली तर पाय कुठे रोवणार, आग विझवायला आलेली माणसं पाइप घेऊन मागे जाणार कशी, आणि छपराचं पाणी? पाण्याचा तर मला सगळ्यात जास्त घोर आहे. आत्ता डाउनस्पाउटमधून, म्हणजे छपराचं पाणी खाली आणणाऱ्या पाइपातून, पडलेलं पाणी त्या पाच फुटांच्या पट्ट्यात उताराने पुढे रस्त्याकडे जातं, पट्टा अरुंद झाला की उतार द्यायला जागा राहत नाही आणि ते शेजाऱ्याच्या बेसमेंटच्या भिंतीला लागतं. बेसमेंटमध्ये एकदा पाणी शिरलेल्या माणसाला विचारा.

कॅलिफोर्नियात राज्यानेच कायदा केलाय की परसातल्या जोडघराला, एडीयू म्हणतात ते, बाजूला आणि मागे चार फुटांपेक्षा जास्त अंतर शहराला मागता येणार नाही, २०२० पासून लागू आहे. चालतंय तिथे. पण ते परसातलं छोटं घर, आमच्याकडे मुख्य दुमजली घरालाच तीन फूट म्हणतायत, दोन्हीत फरक आहे.

मागच्या अंतराची गोष्ट जरा नाजूक आहे. आमच्या मागे, उत्तरेला, एक वयस्कर बाई राहतात, गोऱ्या आहेत, पन्नास वर्षं त्याच घरात. मसुदा आला तसं त्या कुंपणापाशी आल्या आणि म्हणाल्या, तू आईसाठी खोली बांध, माझी ना नाही, पण उद्या तू घर विकलंस आणि कुणी दहा फुटांवर दुमजली भिंत उभी केली तर माझे टोमॅटो गेले. मी घरी येऊन कागदावर मांडून बघितलं. आम्ही साधारण ४० अक्षांशावर. उन्हाळ्यात जूनच्या शेवटी दुपारी सूर्य इतका वर असतो की २५ फूट उंच भिंतीची सावली साडेसात फुटांच्या आतच पडते, दहा फुटांवरच्या कुंपणाला ती लागतसुद्धा नाही, टोमॅटोला काही होत नाही. पण डिसेंबरच्या शेवटी तीच सावली भर दुपारी ५० फूट जाते. भिंत आजच्यासारखी २५ फुटांवर असली तर त्यांच्या आवारात २५ फूट सावली, दहावर आली तर ४० फूट, म्हणजे थेट त्यांच्या किचनच्या खिडकीवर. त्या बाई हिवाळ्यात सकाळपासून त्याच खिडकीशी बसलेल्या असतात, मला आमच्या डायनिंग रूममधून दिसतात. तर त्यांची भीती टोमॅटोबद्दल चुकीची होती पण मुळात खरी होती.

यावर उपाय आहे, आणि तो मसुद्यात नाही. अंतर उंचीला जोडा. एकमजली, बारा फूट उंचीचा भाग दहा फुटांपर्यंत येऊ दे, त्याची हिवाळी सावली कुंपणापलीकडे १४ फूट जाईल, खिडकीपर्यंत पोचत नाही. वरचा मजला मात्र पूर्वीइतका मागे राहू दे. माझ्या आईची खोली बसते, बाईंचं ऊन राहतं. दोन ओळींची दुरुस्ती आहे हो ही.

आता तुमच्या शहरात असं काही आलं तर काय बघायचं ते पटकन सांगतो. सेटबॅक सहसा फुटपाथपासून किंवा रस्त्याच्या कडेच्या कर्बपासून मोजत नाहीत, हद्दीपासून मोजतात, आणि आपण आपलं समजून पाणी घालतो त्या गवतातला रस्त्याकडचा पट्टा बहुतेक वेळा शहराचा असतो, तेव्हा घर घेताना मिळालेला सर्व्हे, म्हणजे प्लॉटचा मोजणी नकाशा, काढा. कुंपण हद्दीवरच आहे असं धरून चालू नका. कोपऱ्याचा प्लॉट असेल तर बऱ्याच ठिकाणी दोन्ही रस्त्यांकडे पुढचं अंतर लागतं, त्यांना या बदलाचा फायदा जास्त. युटिलिटी इझमेंट, म्हणजे वीज, पाणी, गॅसच्या लाइनींसाठी राखलेला पट्टा, ही वेगळी भानगड आहे, सेटबॅक कमी झाला तरी त्या पट्ट्यात बांधता येत नाही. आणि एचओए, म्हणजे वसाहतीतल्या घरमालकांची संघटना, असेल तर शहराने नियम सैल केला तरी एचओएच्या खतातला आकडा तसाच राहतो, हे अनेकांना परमिट हातात आल्यावर कळतं.

अजून एक, जुन्या घरांचं. नियम येण्याआधी बांधलेली बरीच घरं आजच्या अंतरात बसत नाहीत, ती नॉनकन्फॉर्मिंग म्हणून चालू राहतात. पण बऱ्याच शहरांत असं आहे की आगीत किंवा वादळात निम्म्याहून जास्त नुकसान झालं तर पुन्हा त्याच जागी बांधता येत नाही, नवीन अंतर पाळावं लागतं, आणि अरुंद प्लॉटवर मग घरच बसत नाही. आमच्या मसुद्यात पुढचं आणि मागचं अंतर कमी झालं की अशी कितीतरी जुनी घरं आपोआप नियमात येतील. काही लोक म्हणतात हे सगळं बिल्डरांसाठी चाललंय, त्यांना मी हेच सांगतो, की दोन गल्ल्या पलीकडे ज्यांची घरं शंभर वर्षांपूर्वीची आहेत त्यांनाही यातूनच झोप लागणार आहे.

आमची सुनावणी पुढच्या महिन्यात प्लॅनिंग कमिशनपुढे आहे, मग सिटी काउन्सिल. नियमाच्या शब्दांतला बदल असला, झोनिंगच्या नकाशातला नसला, की बऱ्याच ठिकाणी घरोघरी पत्र येत नाही, शहराच्या अजेंड्यावर लक्ष ठेवावं लागतं. मला तीन मिनिटं मिळतील. बाजूचे पाच फूट ठेवा आणि मागचं अंतर उंचीला जोडा, एवढंच मागणार आहे, सावलीचा नकाशा बरोबर नेतोय. बाईंना रात्री गाडी चालवता येत नाही म्हणून त्यांना मीच घेऊन जाणार आहे. आई म्हणाली, आधी त्यांच्या खिडकीचं बोल, मग माझ्या खोलीचं. तसंच करेन.